करुण रस आणि करुणा : ‘बिलव्हेड’ कादंबरीच्या वाचनानिमित्त

रविवारच्या वंदनेनंतर विहारात जो वाचनवर्ग भरतो, त्यात आम्ही टोनी मॉरिसन या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी वाचावयास घेतली होती. ग्रंथ इंग्रजी; म्हणून एकाने वाचावे, प्रकरणाचा आशय मराठीत सांगावा आणि मग चर्चा व्हावी, असा क्रम ठरला. पहिले काही रविवार तो सुरळीत चालला. परंतु एक माता आपल्या पोटच्या मुलीचा जीव आपल्याच हाताने घेते, त्या प्रकरणापाशी आम्ही आलो, तेव्हा एक वयोवृद्ध उपासिका उठून बाहेर गेल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या, पण बसण्याआधी त्यांनी विचारले, “हे कशाला वाचायचं? आपल्या वाट्याला काय कमी होतं, म्हणून परक्यांचं रडणं घरात आणायचं?”

प्रश्न सरळ होता आणि त्या दिवशी आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी अन्याय पुस्तकात वाचला नाही, अंगावर घेतला, त्यांनी दुसऱ्या देशातील अन्यायाची कल्पित कथा का वाचावी? वाचून जे अश्रू येतात, त्यांचे पुढे काय होते? या प्रश्नाला सामोरे न जाता कादंबरीची केवळ प्रशंसा करणे आम्हास अप्रामाणिकपणाचे वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या कादंबरीचे परीक्षण त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने करीत आहोत.

प्रथम कादंबरीमागील इतिहास पाहू. १८५६ च्या जानेवारी महिन्यात केंटकी राज्यातून मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री पती, चार मुले आणि सासूसासरे यांच्यासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटी शहरी पळून आली. ओहायो राज्यात गुलामगिरी नव्हती. परंतु १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्याने मालकाला तेथे येऊनही आपला ‘माल’ परत नेता येत असे. माग काढीत माणसे आली, घराला वेढा पडला, तेव्हा मार्गारेटने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. इतर मुलांनाही मारण्याचा तिचा प्रयत्न होता. पुढे जो खटला चालला, त्यातील पेच मनाला सुन्न करणारा आहे. गुलामगिरीचे विरोधक म्हणत होते की, तिच्यावर खुनाचा खटला भरा. कारण खुनाचा आरोप माणसावरच ठेवता येतो, आणि तो ठेवला तर तिचे माणूसपण कायद्याने मान्य होते. मालकाची बाजू म्हणत होती की, ती मालमत्ता आहे, ती परत द्या. निकाल मालमत्तेच्या बाजूने लागला. तिला केंटकीस नेण्यात आले आणि तेथून दक्षिणेकडे धाडण्यात आले. वाटेत नदीवर बोटीला अपघात झाला आणि तिचे तान्हे मूल बुडाले. १८५८ मध्ये विषमज्वराने तिचा अंत झाला. खुनी ठरणे हाच जिथे माणूस ठरण्याचा एकमेव मार्ग उरतो, त्या व्यवस्थेविषयी निराळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

मॉरिसन (१९३१–२०१९) या एका मोठ्या प्रकाशनगृहात संपादिका होत्या. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची साधने एकत्र करणारा ‘द ब्लॅक बुक’ हा ग्रंथ १९७४ मध्ये निघाला; त्याच्या कामात या घटनेविषयीचे एक जुने वृत्तपत्रीय कात्रण त्यांच्या पाहण्यात आले. त्यातून पुढे १९८७ मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९८८ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक लाभले आणि १९९३ मध्ये लेखिकेस साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत.

येथे एक वाङ्मयीन प्रश्न उपस्थित होतो. घटना सत्य असता तिची कादंबरी करण्याचे प्रयोजन काय? आपल्या वाचकांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे, कारण दलित साहित्यात आत्मकथनाने जे स्थान मिळविले, ते कादंबरीस क्वचितच लाभले. ‘मी भोगले, म्हणून मी सांगतो’ या विधानात जे बळ आहे, ते कल्पित कथेत कोठून येणार, असे आपणास वाटत आले आहे. अमेरिकेतही गुलामांची आत्मनिवेदने होती. फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मवृत्त १८४५ मध्ये आणि हॅरिएट जेकब्स यांचे १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ही निवेदने ज्या वाचकांसाठी लिहिली गेली, ते बहुतांशी गोरे होते. त्यांची सहानुभूती मिळवावयाची, त्यांना घृणा येऊ द्यावयाची नाही, अतिशयोक्तीचा आरोप ओढवून घ्यावयाचा नाही, अशा अनेक बंधनांत ही माणसे लिहीत होती. म्हणून अत्यंत भीषण प्रसंग आला की, लेखणी त्यावर पडदा टाकून पुढे जाई. मॉरिसन यांनी आपल्या एका निबंधात याचे विवेचन केले असून, तो पडदा दूर करणे हे आपले काम आहे, अशी भूमिका मांडली आहे.

मार्गारेट गार्नरविषयी न्यायालयाचे कागद बोलतात, वृत्तपत्रे बोलतात, धर्मोपदेशक बोलतात, वकील बोलतात. तिच्या अंतःकरणात काय चालले होते, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात पूर्णपणे मिळणार नाही. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, त्यांच्या मनाचा इतिहास लिहिण्याचे साधन कल्पना हेच उरते. ऐतिहासिक कादंबरीचे खरे समर्थन आम्हास येथे दिसते. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटले की तलवारी, तोरणे आणि राजवाडे डोळ्यांपुढे येतात. ज्यांच्या नावाचा शिलालेख नाही, त्यांची ऐतिहासिक कादंबरी कशी असेल, याचे उत्तर हा ग्रंथ देतो.

कादंबरीत मार्गारेटची सेथा झाली आहे. केंटकीतील ‘स्वीट होम’ नावाच्या शेतमळ्यावरून ती पळते, वाटेत नदीकाठी मुलीला जन्म देते आणि सिनसिनाटीबाहेर राहणाऱ्या बेबी सग्ज या आपल्या सासूच्या घरी पोहोचते. अठ्ठावीस दिवस ती स्वतंत्र असते. मग मालकाची माणसे येतात आणि लाकडाच्या कोठीत ती आपल्या रांगत्या मुलीला ठार करते. मात्र हे सर्व कथेच्या पूर्वीचे आहे. कथा सुरू होते १८७३ मध्ये. गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन आठ वर्षे झाली आहेत. सेथा आणि तिची धाकटी मुलगी डेन्व्हर एका झपाटलेल्या घरात, गावाने टाकल्याप्रमाणे राहत आहेत.

१८७३ हे साल वाचताच आमच्या वर्गातील अनेकांनी माना वर केल्या. याच वर्षी पुण्यात महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखविणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना जोतीरावांनी तो ग्रंथ अर्पण केला. दास्यमुक्तीची ही वार्ता सातासमुद्रापार येथील एका शूद्र विचारवंताला आशेचा आधार देत होती. त्याच वर्षी, त्या मुक्त झालेल्यांपैकी एका घरात काय चालले होते, हे मॉरिसन सांगतात. कायद्याने बेडी तुटली होती. पाठीवरच्या फटक्यांचे वण झाडाप्रमाणे फांद्या फुटून राहिले होते. आणि स्मृती मोकळी झाली नव्हती. जोतीरावांचा आनंद चुकीचा होता, असा याचा अर्थ नाही. मुक्तीची घोषणा आणि मुक्तीची सिद्धी यांत किती अंतर असते, ते या दोन ग्रंथांना शेजारी ठेवले म्हणजे कळते. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्यानंतरच्या भारतात राहणाऱ्या आपणांस हे अंतर कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

पूज्य बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. परंतु त्यांनी या दोन व्यवस्थांतील भेदही तितक्याच कठोरपणे दाखविला. गुलाम हा मालकाचा पैसा असल्याने त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ असे. अस्पृश्याला जगविण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. तेव्हा ‘त्यांचे आणि आपले दुःख एकच’ असे भाबडे समीकरण मांडून ही कादंबरी वाचू नये. साम्य शोधावे, पण भेद पुसू नयेत.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतीय काव्यशास्त्रात करुण रस आहे. शोक हा त्याचा स्थायी भाव. शोकाच्या वर्णनातून रसिकाला आनंद कसा होतो, यावर आपल्याकडील पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली. लौकिक शोक काव्यात अलौकिक होतो, म्हणून तो आस्वाद्य ठरतो, असा त्या चर्चेचा साधारण कल आहे. दलित साहित्याच्या समीक्षकांनी या आनंदवादास हरकत घेतली, ती योग्यच होती. ज्या वाङ्मयाचा विषय माणसाची विटंबना आहे, ते वाचून आनंद होत असेल, तर वाचकाच्या ठिकाणी काही तरी चुकते आहे. परंतु केवळ ‘आनंद नको, अस्वस्थता हवी’ एवढे म्हणून भागत नाही. अस्वस्थताही आस्वाद्य होऊ शकते. रडून मोकळे व्हावे आणि आपण किती संवेदनशील आहोत याचे समाधान घेऊन झोपी जावे, असा वाचक दुर्मीळ नाही.

येथे बौद्ध विचार आपणास अधिक धारदार साधन देतो. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार होत. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या नवव्या परिच्छेदात त्यांचे विवेचन करताना प्रत्येकाचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू विहिंसा, म्हणजे क्रौर्य. तो ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र घरगुती आसक्तीतून उपजणारे दौर्मनस्य होय. ते करुणेसारखेच दिसते, म्हणून अधिक धोक्याचे. क्रौर्य शमले तर करुणा सफल झाली. नुसता शोकच उपजला तर ती बिघडली, असे आचार्यांचे मर्म आहे. आमच्या मते शोकप्रधान साहित्याच्या परीक्षणाची कसोटी येथे आयती मिळते. ग्रंथ वाचकाला शोकाच्या स्वाधीन करतो, की क्रौर्याचे स्वरूप उघडे करून त्याच्या शमनासाठी उभे करतो?

या कसोटीवर ‘बिलव्हेड’ तपासू. मुलीच्या हत्येचा प्रसंग लेखिकेने प्रथम कोणाच्या दृष्टीने दाखविला आहे? मातेच्या नव्हे, तर पकडावयास आलेल्यांच्या. त्यांच्या हिशेबात ही हानी आहे, आता येथून नेण्यासारखे काही उरले नाही, एवढाच त्याचा अर्थ. रडण्याची सर्वात मोठी संधी जेथे होती, तेथे लेखिकेने वाचकाला रडू दिले नाही. मालकाच्या थंड डोळ्यांनी पाहावयास लावले. आमच्या उपासिका जेथे उठून गेल्या, ते हेच प्रकरण. त्या रडल्या नव्हत्या, हे आम्हास नंतर आठवले. त्यांना राग आला होता.

दुसरे उदाहरण मास्तराचे. मळ्याचा नवा मालक या मास्तर नावानेच ओळखला जातो. तो गुलामांची डोकी दोरीने मोजतो, वहीत टिपणे करतो आणि आपल्या विद्यार्थ्यांना सेथेचे मानवी गुण एका बाजूस व पशूचे गुण दुसऱ्या बाजूस लिहावयास सांगतो. ज्या शाईने हे लिहिले जाते, ती शाई सेथेनेच तयार केलेली असते. चाबकाहून हा प्रसंग भयंकर आहे. माणसांचे रकाने पाडणाऱ्या विद्येचे क्रौर्य येथे एका शाईच्या दौतीत दिसते. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडास एक ग्रंथ का जाळावा लागला, हे ज्याला समजले, त्याला सेथेचा पाठलाग कोण करीत होते, तेही समजेल.

या मास्तरापूर्वीचा मालक मात्र ‘चांगला’ होता. तो आपल्या गुलामांना मर्द म्हणे, त्यांना बंदूक बाळगू देई, त्यांचे मत विचारी. तो मेला आणि त्याच्याबरोबर त्यांचे मर्दपणही गेले. मालकाच्या दयेवर उभे असलेले माणूसपण मालकाच्या मरणाबरोबर संपते. हक्क आणि दया यांतील हा भेद लेखिकेने एकही व्याख्यान न देता दाखविला आहे. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहण्यास बाबासाहेबांनी नकार का दिला, याचे उत्तर ज्यांना अद्याप हवे असेल, त्यांनी ‘स्वीट होम’ची प्रकरणे वाचावीत.

या कादंबरीविरुद्ध आमच्या वर्गातील तरुणांनी एक गंभीर आक्षेप घेतला. मेलेली मुलगी तरुणीच्या रूपाने परत येते, घरात राहते, आईला शोषून घेते. हे भूत नव्हे काय? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या, विवेकवादी समाजाने भुताची कथा का वाचावी? आक्षेप टाळण्यासारखा नाही. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, लेखिकेने दुसऱ्या अर्थाला वाट ठेवली आहे. एका गोऱ्याने घरात कोंडून ठेवलेली एक मुलगी त्याच्या मृत्यूनंतर नाहीशी झाली, असा उल्लेख कथेत येतो. घरी आलेली तरुणी ती असू शकेल. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, हे ‘भूत’ कोणत्याही मांत्रिकाच्या विधीने जात नाही. ते कशाने जाते, ते पुढे पाहू. दुःख बोलून दाखविता आले नाही, म्हणजे ते घरातील माणसासारखे जेवू लागते, जागा मागू लागते, हा अनुभव खरा आहे. त्याला लेखिकेने देह दिला, इतकेच.

आता किसा गोतमीची कथा आठवू. तान्ह्याचे प्रेत कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या या मातेला तथागतांनी, ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिच्या सांत्वनाचा प्रसंग घेतला आहे. विलक्षण गोष्ट अशी की, या कादंबरीतही जवळजवळ हाच विचार येतो. झपाटलेले घर सोडून दुसरीकडे जाऊ, असे सेथा म्हणते, तेव्हा सासू तिला समजावते की, या देशात असे एकही निग्रोचे घर नाही, जे मेलेल्यांच्या दुःखाने आढ्यापर्यंत भरलेले नाही. मोहरी येथेही मिळत नाही.

परंतु दोन्ही कथांत मोठा भेद आहे. किसा गोतमी ज्या घरांच्या दारी गेली, त्या घरांतील माणसे निसर्गधर्माने गेली होती. बेबी सग्जच्या देशातील घरे माणसाने केलेल्या कायद्याने भरली होती. तिला स्वतःला आठ मुले झाली. एक सोडून सर्व विकली गेली किंवा नाहीशी झाली. अशा मातेला ‘मरण कोणाला चुकले आहे’ असे सांगणे हे सांत्वन नसून अन्यायाची पाठराखण ठरेल. पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ म्हणून सांगणे त्याहून नीच. माणसाने माणसावर केलेल्या अन्यायातून उपजणारे दुःख बाबासाहेबांनी धम्माच्या विचाराच्या केंद्रस्थानी आणले, त्याचे महत्त्व अशा ठिकाणी कळते. अनित्यतेच्या दुःखास ज्ञानाने शांती मिळते. अन्यायाच्या दुःखास ज्ञानाबरोबर संघटनही लागते. मोहरीचा दाणा दोन्ही ठिकाणी शिकवितो की, तू एकटी नाहीस. एके ठिकाणी ते ऐकून मन शांत व्हावे, दुसऱ्या ठिकाणी ते ऐकून माणसांनी एकत्र यावे.

आणि कादंबरीत नेमके तेच घडते. आई अन्नावाचून झिजू लागली, तेव्हा अनेक वर्षे अंगण न सोडलेली डेन्व्हर उंबरा ओलांडते आणि शेजाऱ्यांपाशी मदत मागते. मग कुंपणाजवळ कोणी अंडी ठेवते, कोणी शिजवलेले अन्न, भांड्याखाली आपले नाव लिहिलेली चिठ्ठी. शेवटी तीस स्त्रिया मिळून त्या घरासमोर येतात आणि त्यांचा सामूहिक स्वर उठतो. भूत जाते ते या वेळी. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावून भ्रमिष्ट झालेली पटाचारा प्रथम स्वतः सावरली आणि मग पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या पाचशे स्त्रियांना तिने धीर दिला, असे थेरीगाथेची परंपरा सांगते. शोकातून बाहेर पडलेल्या स्त्रीने दुसरीच्या दारी जावे, हा मार्ग आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

याच ठिकाणी आमच्या उपासिकांनी वर्गातील सर्वात महत्त्वाचा प्रश्न विचारला. “ते घोडेस्वार येताना गावानं पाहिले असतील. मग आधी सांगितलं का नाही कुणी?” पुस्तकाचा गाभा त्यांनी एका वाक्यात धरला होता. कादंबरीत याचे उत्तर आहे, आणि ते कटू आहे. सेथा सुखरूप आल्याच्या आनंदात बेबी सग्जच्या घरी आदल्या दिवशी मोठी पंगत झाली होती. इतके अन्न, इतका आनंद पाहून शेजाऱ्यांना मत्सर वाटला. म्हणून दुसऱ्या दिवशी संकट येताना दिसूनही कोणी धावत जाऊन खबर दिली नाही. शत्रूचे क्रौर्य लेखिकेने दाखविलेच. पण आपल्यांच्या मौनाचा हिशेबही मांडला. पीडितांच्या वाङ्मयात हे धैर्य दुर्मीळ असते. पोटजातींत वाटल्या गेलेल्या, एकाचे घर सिमेंटचे झाले म्हणून चार घरांनी त्याच्याशी अबोला धरलेल्या आपल्या वस्त्यांनी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावे.

सेथेच्या कृत्याचा निवाडा कसा करावा? पाणातिपातापासून विरत राहण्याचे शील आपण ग्रहण केले आहे. त्या कृत्याचा गौरव आम्ही करू शकत नाही. लेखिकाही करीत नाही. सासूला तिचे समर्थन करता येत नाही आणि धिक्कारही करवत नाही. या कोंडीतच ती अंथरूण धरते. परंतु सेथेने जे केले, त्यामागे मुले हाच आपला एकमेव उत्तम ठेवा आहे, ही भावना होती. जिला स्वतःचा देह, दूध, नावही आपले म्हणता आले नाही, तिला ‘आसक्ती सोड’ असे सांगणे सोपे आहे. ज्याला ‘स्व’ मिळालाच नाही, त्याने अनात्म कसे समजावे? बाबासाहेबांनी आधी स्वाभिमान दिला आणि मग धम्म दिला, या क्रमाचा अर्थ आम्हास येथे नव्याने उलगडला. कादंबरीच्या शेवटी पॉल डी हा जुना सोबती सेथेला हेच समजावतो की, तो ठेवा बाहेर कोठे नाही, ती स्वतःच तो ठेवा आहे. ‘अत्तदीप’ होण्याच्या उपदेशापासून हे फार दूर नाही.

ग्रंथात उणिवा नाहीत, असे नाही. कालक्रम इतका मोडलेला आहे की, नवख्या वाचकाची दमछाक होते. गुलामांच्या जहाजाची स्मृती जागविणारा, विरामचिन्हांवाचून लिहिलेला भाग आमच्या वर्गाला दोनदा वाचूनही पुरता आकळला नाही. सर्वसामान्य माणसाच्या दुःखाची कथा त्याच्याच हाती देताना इतका अवघड मार्ग घ्यावा का, ही आमची शंका कायम आहे. स्मृती अशीच तुकड्यांनी येते, हे त्यावरील उत्तर आम्हास अंशतः पटते, पूर्णतः नाही.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात तथागतांनी चार प्रकारचे जातिवंत घोडे सांगितले आहेत. एक चाबकाची केवळ सावली पाहून सावध होतो. दुसरा चाबूक केसांना लागल्यावर. तिसरा कातडीला लागल्यावर. चौथा हाडाला लागल्यावर. माणसेही तशीच. अमुक गावी कोणी दुःखी आहे किंवा मृत्यू पावला, एवढे ऐकूनच ज्याला संवेग होतो आणि जो योग्य प्रयत्नाला लागतो, तो पहिल्या घोड्यासारखा. पुढचा ते डोळ्यांनी पाहिल्यावर जागा होतो, त्याच्या पुढचा आप्तावर वेळ आल्यावर आणि शेवटचा स्वतःच्या देहावर आल्यावर. दूरच्या गावातील दुःख आपणापर्यंत आणण्याचे काम अशी कादंबरी करते. ती चाबकाची सावली आहे. आपल्या वाडवडिलांच्या हाडाला चाबूक लागला होता. पुढच्या पिढीला सावलीवरून सावध होता यावे, म्हणून वाचावयाचे. संवेगानंतर प्रयत्न यावा, ही अट मात्र विसरू नये. नाही तर तो करुणेचा जवळचा शत्रूच.

वाचन संपले त्या रविवारी उपासिकांनी ग्रंथाविषयी मत दिले नाही. गेली दोन वर्षे ज्या घराशी वस्तीचा बोलाचालीचा संबंध नव्हता, त्या घरच्या सुनेला पुढच्या वर्गाला बोलवावे, एवढेच त्या म्हणाल्या. आणि बोलवायला आपण जाऊ, असेही. आम्ही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधत होतो. त्यांनी ते आमच्याआधी शोधले होते.